मालदीवची डाइव्ह सफारी: कोणत्या ऑपरेटरची बोट निवडावी?

मालदीवमध्ये आठवडाभर बोटीवरच राहून डाइव्हिंग करायचे ठरले, की भारतातून जाणाऱ्या डाइव्हरपुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिला, परदेशी एजंटांमार्फत बुकिंग घेणाऱ्या, वीस-पंचवीस पाहुण्यांच्या मोठ्या बोटींचा. दुसरा, मालदीवमधल्याच मालकांच्या, बारा ते सोळा पाहुणे घेणाऱ्या लहान बोटींचा. तिसरा, मुंबई, पुणे किंवा गोव्यातल्या एखाद्या डाइव्ह सेंटरने अख्खी बोट भाड्याने घेऊन नेलेल्या गटाचा. त्यात बोट पहिल्या दोन प्रकारांतलीच असते, मात्र तिची पारख आपल्या वतीने दुसऱ्याने केलेली असते. तिन्ही ठिकाणी दिवसाला साधारण तीन डाइव्ह, एखाद-दुसरी रात्रीची डाइव्ह आणि अधूनमधून एखाद्या बेटाची फेरी, असाच क्रम असतो. जाहिरातींत केबिन, जकुझी आणि जेवण यांची छायाचित्रे पुढे असतात. माझ्या मते निर्णय घेताना ती सर्वांत शेवटी पाहावीत.

मालदीवच्या सफारीत डाइव्ह मुख्य बोटीवरून होत नाही. सिलिंडर, कॉम्प्रेसर आणि सगळे साहित्य धोणी नावाच्या वेगळ्या बोटीवर असते आणि डाइव्हरांना तीच जागेवर नेते. त्यामुळे धोणी आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही. एका धोणीवर किती डाइव्हर असतील आणि एका गाइडमागे किती जण पाण्यात उतरतील, हे विचारावे. मोठ्या बोटीवर चोवीस डाइव्हर एकाच धोणीतून एकाच थिल्यावर, म्हणजे पाण्याखालच्या उंचवट्यावर, उतरतात, तेव्हा शेवटच्या गटाला बहुधा माशांपेक्षा पुढच्यांच्या पायातले फिन्सच अधिक दिसतात. लहान बोटीवर ही अडचण फारशी येत नाही. उलट, मोठ्या बोटींवर चांगल्या स्थितीतले भाड्याचे साहित्य, नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची, खात्रीशीर सोय आणि नेटके ब्रीफिंग मिळण्याची शक्यता जास्त असते, हेही मान्य करायला हवे.

तरीही मालदीवमध्ये गाइडचे स्थानिक ज्ञान मला या सगळ्याहून मोलाचे वाटते. तिथल्या उत्तम डाइव्ह कांडूंमध्ये, म्हणजे प्रवाळवलयाच्या कडेला असलेल्या खिंडींमध्ये, होतात. समुद्राचे पाणी आत येत असते तेव्हा तोंडाशी स्वच्छ पाणी आणि शार्क दोन्ही मिळतात, आणि डाइव्हर रीफ हुक, म्हणजे दोरीला बांधलेला आकडा, खडकात अडकवून प्रवाहात स्थिर राहून ते पाहतात. पाणी बाहेर जात असेल तर त्याच जागी दृश्यमानता घटते आणि प्रवाह डाइव्हरला खुल्या समुद्राकडे ओढू शकतो. म्हणून प्रत्येक डाइव्हच्या आधी गाइडने स्वतः पाण्यात उतरून प्रवाह पाहावा लागतो, आणि गरज पडल्यास जागा बदलण्याचा अधिकार त्याला असावा लागतो. त्याच पाण्यात वर्षानुवर्षे काम केलेला मालदीवी गाइड हे काम ज्या सहजतेने करतो, ती एका हंगामापुरत्या आलेल्या परदेशी इन्स्ट्रक्टरकडे क्वचितच असते. तारकर्ली किंवा नेत्राणीला शिकून थेट मालदीव गाठणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष गांभीर्याने घ्यावा, कारण असा प्रवाह त्यांनी बहुधा अनुभवलेला नसतो.

ऑपरेटरची दुसरी पारख त्याच्या मार्गावरून होते. डिसेंबर ते एप्रिल या ईशान्य मोसमात पूर्वेकडच्या कांडूंत पाणी स्वच्छ असते आणि मांटा रे हे मोठे, चपटे मासे पश्चिमेकडे जमतात. नैर्ऋत्य मोसमात हे चित्र उलटते. जो ऑपरेटर बारा महिने एकच छापील मार्ग दाखवतो, त्याने समुद्रापेक्षा डिझेलचा हिशोब अधिक पाहिला असण्याची शक्यता आहे. बा प्रवाळवलयातल्या हनिफारू उपसागरात स्कूबाला मनाई आहे, तिथे केवळ स्नॉर्केलिंग करता येते. तरीही कोणी तिथल्या डाइव्हचे आश्वासन देत असेल, तर संभाषण तिथेच थांबवावे. मालदीवमध्ये मनोरंजनासाठीच्या डाइव्हला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. रसधू प्रवाळवलयातल्या हॅमरहेड शार्कसाठी त्याहून खोल नेण्याची तयारी दाखवणारा ऑपरेटर इतर नियमही तसेच वाकवत असेल, असे समजायला हरकत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र रात्रीच्या सुरक्षिततेवर घालवावा. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण दगावले. रात्री गस्त घालणारे कोणी नव्हते, आणि बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तच्या तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही बोट पहाटेच्या अंधारात उलटली. तिच्यावरचे काही जण केबिनमध्येच अडकले. देश वेगळे असले तरी विचारायचे प्रश्न तेच राहतात: रात्रभर कोणी जागे असते का, केबिनमधून एकमेकींपासून दूर अशा दोन वाटा आहेत का, कॅमेऱ्यांच्या आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, पहिल्याच दिवशी आणीबाणीचा सराव होतो का. मोठ्या बोटींकडून या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळणे सोपे जाते. लहान स्थानिक बोटींमध्ये फार तफावत असते. काही नमुनेदार असतात, तर काहींना हे प्रश्नच नवे वाटतात. स्थानिक बोट मला जवळची वाटत असली, तरी टाळाटाळीचे उत्तर आले तर मी ती सोडून देईन.

खर्चाची तुलना जाहिरातीतल्या दरावर करू नये. पर्यटकांवरचा वस्तू व सेवा कर, ग्रीन टॅक्स (जानेवारी २०२५ पासून माणशी दररोज १२ डॉलर), नायट्रॉक्स, साहित्याचे भाडे, इंधन अधिभार आणि कर्मचाऱ्यांची टिप जमेस धरली, की स्वस्त वाटलेली बोट पुष्कळदा मधल्या किमतीच्या बोटीइतकीच पडते.

गटाने जाण्याचा फायदा नवख्यांना अधिक होतो. आपला इन्स्ट्रक्टर आपली क्षमता ओळखतो, भाषेची अडचण राहत नाही आणि शाकाहारी जेवणाची व्यवस्था आधीच ठरते. त्रुटी अशी, की गटात अनुभवाचे अंतर मोठे असले तर सर्वांच्याच डाइव्ह सोप्या ठेवल्या जातात, आणि रद्द झालेल्या सहलीचे पैसे बोटीने द्यायचे की डाइव्ह सेंटरने, हे पुष्कळदा लिहिलेले नसते. ते लिहून घ्यावे.

पन्नासपेक्षा कमी डाइव्ह झालेल्याने मध्य प्रवाळवलयांच्या मार्गावर, गटासोबत किंवा गाइडमागे चार-पाच जणच असलेल्या स्थानिक बोटीवर जावे, असा माझा सल्ला आहे. हुवधूसारख्या दूर दक्षिणेच्या सफारीला अनुभवी डाइव्हरने जावे आणि तिथे मी मोठी, सुसज्ज बोट पसंत करीन, कारण मदत दूर असते. कोणतीही बोट घेतली तरी डाइव्हिंगचा स्वतंत्र विमा आधी काढावा, आणि शेवटची डाइव्ह व मुंबईचे विमान यांत किमान १८ तास राहतील, असे परतीचे तिकीट बोटीचे वेळापत्रक हाती आल्यावरच काढावे.