स्टॉपरच्या नावाची जर्सी पायजे? मिरजकर तिकटीजवळचं हे दुकान बघा

कोल्हापुरात जर्सीची दुकानं पेठेपेठेत आहेत, पण बहुतेक ठिकाणी मेस्सी दहा आणि रोनाल्डो सात यापुढं माल जातच नाही. डिफेंडरचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, कोण वो हा? मला भाच्यासाठी मुर्तादा फॉलची जर्सी पायजे होती. भाचा तालमीच्या (पेठेतल्या मंडळाच्या) ज्युनियर फुटबॉल टीममध्ये स्टॉपरला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, खेळतो, उंची चांगली आहे पण कॉर्नरला पुढं जायला बिचकतो. या दुकानात नाव सांगितल्यावर काका लगेच म्हणाले, "कुठली देऊ, गोव्याची का मुंबईची?" मला दुकान तिथंच आवडलं.

फॉल माहीत नसेल तर थोडं सांगतो. सेनेगलचा सेंटर बॅक, म्हणजे स्टॉपरच, सहा फुटाच्या वर उंची, मोरोक्कोत मोघरेब तेतुआनला खेळला, मग 2018 ला एफसी गोवा, 2020 ला मुंबई सिटी, 2023 ला ओडिशा. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) सगळ्यात जास्त गोल करणारा डिफेंडर तोच, आणि बरेचसे डोक्यानं. अहमद जाहू पण तेतुआनचाच, तो पण गोवा, मुंबई, ओडिशा असाच फिरला, जाहूनं बॉल टाकायचा आणि फॉलनं सगळ्यांच्या वरनं उडी मारून हेडर ठोकायचा, समोरच्या टीमला माहीत असायचं तरी थांबवता यायचं नाही.

काकांकडं गोव्याची केशरी आणि मुंबईची आकाशी दोन्ही होत्या, ओडिशाची ऑर्डर दिल्यावर करून देतात. ओरिजिनल नाहीत, ते स्वतःच आधी सांगतात, लपवत नाहीत. कापड ड्राय फिट आहे, मध्यम जाडीचं, घाम आला तर अंगाला चिकटत नाही. नाव आणि नंबर सब्लिमेशननं (रंग कापडातच उतरवून) करून घेतलं कारण आधी दुसऱ्या एका ठिकाणी चिकटवलेलं नाव घेतलं होतं ते धुण्यात सोलून निघालं. इथलं बरेचदा धुतलं, मैदानातल्या मातीत लोळून झालं तरी अक्षराला काही झालं नाही. नाव देवनागरीत पण करून देतात, भाच्याला तेच पायजे होतं आणि आकाशीवर "फॉल" लई भारी दिसतंय. शिलाई डबल आहे, फक्त खांद्याला जरा आखूड बसते म्हणून पोरगं उंच असेल तर एक साइज मोठी घ्या. सांगितलेल्या दिवशी मिळाली नाही, सीझनमध्ये तालमींचे सेट आधी करतात त्यामुळं आपल्या सुट्या ऑर्डरला थांबावं लागतं, हे मला खटकलं. आधी फोनवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

थांबलो तेवढ्या वेळात काकांशी जे बोलणं झालं ते मात्र जर्सीएवढंच महत्त्वाचं. एक जण तिथं म्हणत होता की फॉल म्हणजे लोबेराचा माणूस, कोच जाईल तिकडं जातो. सर्जिओ लोबेरानं तेतुआनला कोचिंग केलं, मग गोवा, मुंबई, ओडिशा, हे खरंच आहे. पण मला ते म्हणणं अजिबात पटत नाही. 2021 मध्ये लोबेरा मुंबई सोडून गेला, फॉल राहिला, आणि नवीन कोच डेस बकिंगहॅमच्या हाताखाली 2022-23 ला मुंबईनं परत शील्ड (लीगच्या टेबलात पहिल्या नंबरला मिळणारी ट्रॉफी) घेतली, सलग 18 मॅच न हरता. मधे 2022 ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) भारतीय क्लबचा तो पहिला विजय. कोचच्या वशिल्यानं एवढं होत नाही वो.

काकांनी 28 फेब्रुवारी 2021 ची मॅच काढली. मोहन बागानला ड्रॉ पुरेसा होता, मुंबईला जिंकायलाच पायजे होतं, आणि सातव्या मिनिटाला फॉलचं हेडर. मग ओगबेचेनं दुसरा मारला, शील्ड मुंबईकडं. त्याआधी 2020 ला गोव्यानं जमशेदपूरला 5-0 हरवून पहिली शील्ड घेतली त्यात पण त्याचा गोल आहे. 2019 ची फायनल मात्र गोवा हरलं, एक्स्ट्रा टाइममध्ये समोरच्या बेंगळुरूच्या राहुल भेकेनं कॉर्नरवर हेडर मारलं, आणि पुढं तोच भेके मुंबईत फॉलच्या जोडीला आला. भाचा हे सगळं तोंड उघडं ठेवून ऐकत होता. स्टॉपरनं फक्त बॉल बाहेर मारायचा नसतो, कॉर्नर मिळाला की पुढं जायचं असतं, हे मी घरात किती सांगितलं पण काकांच्या तोंडून ऐकल्यावर डोक्यात शिरलं.

शाहू स्टेडियमला मॅच बघायला जाणाऱ्यांना माहीतच आहे, आपल्या तालमींकडनं पण आफ्रिकन प्लेयर खेळायला येतात, त्यातल्या चांगल्या बॅकला गॅलरी डोक्यावर घेते. मग त्या पोझिशनच्या पोरांना जर्सी का मिळू नये?

एका जर्सीला नाव-नंबरासकट साडेतीनशे घेतले, यूपीआय चालतं. दुपारी बंद असतं, संध्याकाळी जावा, आणि मॅचच्या दिवशी जाऊ नका, फार गर्दी असते. ओडिशाची पण ऑर्डर देऊन आलोय.