फेलोशिप की पीएचडी?

बालरोगाचं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपवलेल्या एका ज्युनिअरने विचारलं, “संशोधन आवडतं, पण वॉर्डही सुटत नाही. काय करू?”

आधी वेळ. फेलोशिप, म्हणजे एखाद्या उपशाखेचं रुग्ण बघत घेतलेलं प्रशिक्षण, ठरल्या मुदतीत संपते. पीएचडी 3 वर्षांची म्हणत 5 वर जाते, कारण एथिक्स कमिटीची मंजुरी, पालकांची संमती आणि अभ्यासासाठी पुरेशी बाळं मिळणं तुमच्या हातात नसतं.

हाताचं कसब फेलोशिपमध्येच येतं. तिथे संशोधन मात्र ड्युटीतून उरलेल्या वेळात, म्हणजे झोपेतून वजा करून होतं. पीएचडीत उलट: अभ्यासाची रचना, संख्याशास्त्र पक्कं होतं, पण इंट्युबेशनचा, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याचा, सराव मोडतो.

संशोधनाच्या खोलीचं एक उदाहरण. बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि 1959 मध्ये जेरे मीड यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की श्वसनविकाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारं द्रव्य, कमी असतं. असं काम ड्युटीच्या फटीत होणं कठीणच.

कमाई दोन्हीकडे लांबते, पीएचडीत जास्त.

ज्याला रुग्ण बघत अधूनमधून पेपर लिहायचेत, त्याने फेलोशिप घ्यावी. एकच प्रश्न वर्षानुवर्षं छळत असेल आणि चांगला गाइड मिळाला असेल, तर पीएचडी. गाइड नसेल तर तूर्त फेलोशिपच.