होल्डवर ठेवलेला लेयर : जुन्या कीबोर्डचे आठ महिने

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम. दुसऱ्याच गाण्याच्या अंतऱ्यात गायिका अगदी हळू सूर लावत होती, आणि माझ्या एका कीमधून पूर्ण ताकदीचे स्ट्रिंग्स (व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज) सुटले. की मी बोटाच्या टोकानं, जेमतेम दाबली होती. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. गाणं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा, ते मागचं म्युझिक बंदच ठेवा ना." उरलेला सगळा कार्यक्रम मी नुसत्या पियानोवर काढला. घरी आलो तेव्हा कीबोर्ड विकून टाकायचं पक्कं ठरलं होतं.

हा कीबोर्ड मी गुढीपाडव्याला सेकंडहँड घेतला, २६ हजारांना. ६१ की, एका पॅचमध्ये (सेव्ह करून ठेवलेल्या सेटिंगमध्ये) चार लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले चार टोन, आणि ६४ ची पॉलिफनी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ६४ आवाज. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जो दोष सांगतोय तो वयाचा आणि धुळीचा आहे. कुठल्याही जुन्या कीबोर्डला तो होऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांत लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. की किती जोरात दाबली याचा आकडा म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७. पियानो १ ते १२७ पर्यंत कायम, आणि स्ट्रिंग्सची व्हेलॉसिटी रेंज १०० च्या वर. हळू वाजवलं की एकटा पियानो, जोर दिला की मागे स्ट्रिंग्स उभे. भावगीताच्या साथीला याहून जास्त काय हवं, असं तेव्हा वाटायचं.

पण व्हेलॉसिटी मोजली जाते कशी, ते दिवाळीनंतर शिकलो. प्रत्येक कीखाली रबराचे दोन कॉन्टॅक्ट असतात. आधी एक टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमधला वेळ कमी म्हणजे दाब जोराचा, जास्त म्हणजे हळू. त्यातला एखादा मळला की हा हिशेब चुकतो, आणि हलक्या दाबालाही १२७ निघतो. मी राहतो चिपळूणला. चार महिने पाऊस, दमट हवा, आणि कीबोर्डवर फक्त एक चादर. साध्या पियानोत एखादी नोट जरा मोठी वाजली तर कुणी हटकत नाही. पण १०० च्या वर स्ट्रिंग्स बांधून ठेवलेले असले तर ती एकच की सगळा गोंधळ उघड्यावर आणते.

मुंबईतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. म्हणाले, पूर्ण कीबेड (सगळ्या की बसवलेला सांगाडा) बदलावा लागेल, १४ हजार. कीबोर्ड उघडूनसुद्धा पाहिला नाही, याचा राग मला अजून आहे. एसटीनं तसाच परत आणला, खालचे स्क्रू काढले, रबराच्या पट्ट्या सोडवल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाच्या काड्या घेऊन सर्किटवरच्या जागा पुसल्या. रबरावरचा काळा कार्बन मात्र घासायचा नाही, तो निघाला की कॉन्टॅक्टच जातो. तिथे नुसता हलका हात. खर्च दोनशे रुपयांच्या आत. १४ हजार वाचले आणि ती की तेव्हापासून सरळ वाजते आहे.

कीबोर्ड उघडायचं धाडस होईपर्यंत मधले तीन आठवडे व्हेलॉसिटीवर भरवसा नव्हता, म्हणून स्ट्रिंग्स एक्स्प्रेशन पेडलवर घेतले. हात पियानोवर, उजवा पाय पेडलवर, हवे तेव्हा स्ट्रिंग्स वर आणायचे. ऐकायला छान लागतं, पण पेडल पूर्ण मागे असलं तरी माझ्या कीबोर्डवर तो लेयर आतल्या आत वाजतच असतो, फक्त ऐकू येत नाही. दोन स्टिरिओ लेयर म्हणजे डावा-उजवा धरून प्रत्येक कीला चार आवाज, म्हणजे ६४ च्या पॉलिफनीत फक्त १६ नोटा. सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) धरून दोन कॉर्ड आणि एक मोठी फिरत घेतली की मागचा षड्ज मध्येच तुटायचा. रेंजबाहेरचा लेयर मुळात सुरूच होत नाही, हा व्हेलॉसिटीचा मोठा फायदा मला तेव्हा कळला.

याच शोधाशोधीत लेयरच्या डिले मेन्यूत 'होल्ड' सापडलं. माझ्या मते या कीबोर्डची सगळी किंमत या एका शब्दात आहे. नॉर्मल डिलेमध्ये ठरलेल्या वेळानंतर लेयर वाजतो. होल्डमध्ये त्या वेळाच्या आत की सोडली तर तो वाजतच नाही. म्हणजे पियानोवर मुरक्या, छोटे तुकडे, भराभर जागा घेतल्या तरी स्ट्रिंग्स गप्प. आणि कॉर्ड धरून थांबलो की पियानो विरत असताना त्याखालून स्ट्रिंग्स वर येतात. जोर लावायला नको, पाय लागत नाही. व्हेलॉसिटीचा निर्णय की दाबतानाच होऊन जातो, पुढे काही करता येत नाही. इथे मात्र धरायचं की सोडायचं हे सूर लागल्यावर ठरवता येतं. गायक सूर लांबवतो तेव्हा साथीदार जे ऐकून करतो, तेच हे. रोलँडच्या १९९४ च्या जेव्ही-१०८० या साउंड मॉड्यूलमध्येही होल्ड होतं, आणि मी इतकी वर्षं एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

त्याच मेन्यूत 'की-ऑफ' आहे : की सोडल्यावर वाजणारा लेयर. कॉर्गच्या ट्रायटन कीबोर्डमध्येही डिले पाच हजार मिलिसेकंदांच्या पुढे नेला की की-ऑफ येतं. पेटीच्या टोनला मी त्यावर बारीकसा लाकडी टक लावला आहे, पट्टी परत वर येताना होतो तसा. फक्त सस्टेन दाबलेला असेल तर ते सगळे टक अडकून राहतात आणि पेडल सोडताच एकदम वाजतात. म्हणून पेटी वाजवताना पाय बाजूला.

माझी मोठी तक्रार डिलेच्या आकड्यांबद्दल आहे. ० ते १२७ असा आकडा दाखवतात, त्याचे सेकंद किती ते कुठेच नाही. मी प्रत्येक आकडा फोनवर रेकॉर्ड करून मोजला, दोन संध्याकाळी गेल्या. आणि हे मोजल्याशिवाय चालत नाही, कारण १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, ७० च्या लयीत जवळपास ०.८६ सेकंदाची. संथ गाण्याला बसवलेला डिले चलत गाण्याला लावला तर स्ट्रिंग्स येतच नाहीत. म्हणून प्रत्येक लयीचा पॅच वेगळा सेव्ह केला आहे, नावातच लयीचा आकडा घालून.

विकायचा विचार सोडला. स्ट्रिंग्स होल्डवर आहेत, व्हेलॉसिटी रेंज आता फक्त ब्रासला (ट्रम्पेटसारख्या आवाजाला), ११५ च्या वर, तीही दोनच गाण्यांत. कुणी सेकंडहँड घेणार असेल तर दुकानात पियानो वाजवून पाहू नका. जोरानं दाबल्यावरच दुसरा आवाज येईल असा पॅच लावा आणि ६१ च्या ६१ की एकेक करून हलक्या बोटानं दाबा. दहा मिनिटं लागतात. मी पाडव्याला ती दिली नव्हती.