टॅपेट घरी सेट करायचे: स्क्रूवाले की शिमवाले?

टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, बरोबर ठेवणं. काही इंजिनांत ती स्क्रू फिरवून बदलते आणि लॉकनटने पक्की होते, काहींत शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती, बदलून. मारुती ८०० सारख्या स्क्रू-लॉकनटवाल्या इंजिनाचं काम दारात होतं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. स्पार्क प्लग काढा, क्रँक पान्याने फिरवून त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) त्या फटीत किंचित अडत सरकला की गॅप बरोबर. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. चूक हमखास होते ती शेवटी: लॉकनट आवळताना स्क्रूही फिरतो आणि गॅप बदलते. म्हणून स्क्रू धरून नट आवळा, मग पुन्हा मोजा.

शिमवाल्यात मोजणं तेवढंच सोपं, बदलणं अवघड. बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टच (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उतरवावी लागते. परत बसवताना टायमिंगची (क्रँक आणि कॅमशाफ्ट जुळवायची) खूण चुकली तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. नव्या शिमच्या जाडीचा हिशोब असा: जुनी शिम + मोजलेली गॅप − हवी ती गॅप. २.५० + ०.१३ − ०.२० = २.४३ मिमी. शिमची जाडी मायक्रोमीटरनेच (बारीक जाडी मोजायचं साधन) मोजा. तो नसेल तर जवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये विचारा. एकदा बसवली की मात्र गॅप फार काळ टिकते.

गॅसवरची गाडी असेल तर दोन्हींत एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे आधी बघा. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजून गॅप कमी होते, आवाज येत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो.

पहिल्यांदा हात घालणाऱ्याने स्क्रूवालंच इंजिन घ्यावं.