दांडिया बाजारातील कर्नल-दुरुस्ती सेवा : ३२ बिट एआरएमचा अनुभव
मकरपुऱ्यातील आमच्या कारखान्याच्या मापन-यंत्राचा लिनक्स ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्राम) ६४ बिट इंटेल प्रोसेसरसाठी विनातक्रार बिल्ड (कोडपासून तयार) होत होता, परंतु ३२ बिट एआरएम प्रोसेसरसाठी लिंकिंगच्या (तयार तुकडे जोडण्याच्या) टप्प्यावर ‘__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड’ हे फंक्शन सापडत नसल्याची त्रुटी येत असे, म्हणून ते काम वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या एका छोट्या सेवाकेंद्राकडे सोपवले. कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलून पाहा, हा नेहमीचा निरुपयोगी सल्ला त्यांनी दिला नाही, हे विशेष. ६४ बिट संख्येला साध्या भागाकार-चिन्हाने भागले की ३२ बिट एआरएमवर कंपायलर त्या साहाय्यक फंक्शनचा आधार घेतो. ते कंपायलरच्या लिबजीसीसी या लायब्ररीत असते आणि ३२ बिट एआरएमवरील लिनक्सचा कर्नल (गाभा) त्या लायब्ररीशी लिंक होत नाही, हे त्यांनी आमच्याच कोडवर बोट ठेवून दाखवले. नॅनोसेकंदांच्या बेरजेला नमुन्यांच्या संख्येने भागणाऱ्या ओळीत त्यांनी कर्नलचेच ‘डिव्ह_यू६४’ हे भागाकाराचे फंक्शन वापरले. भाजक ३२ बिट असल्याने ते पुरेसे होते, अन्यथा ‘डिव्ह६४_यू६४’ लागले असते. दोन्ही आर्किटेक्चरच्या बिल्डचे लॉग त्यांनी न मागता दिले. शुल्क वाजवी वाटले. पॅचसोबतचा (कोडमधील बदलासोबतचा) कमिट संदेश, म्हणजे त्या बदलाचे वर्णन, मात्र ‘बिल्ड दुरुस्त केला’ एवढाच होता आणि कारणासह तो पुन्हा लिहून घेण्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला.