हेल्थ पॉलिसीवरचे रायडर आणि सुपर टॉप-अप: काही महिने वापरून झाल्यावर

घरची फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरच्या सगळ्यांना मिळून एकच हेल्थ पॉलिसी, जुनी, ५ लाखांची. गेल्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला, राजारामपुरीत ॲडमिट केलं, कॅशलेस मंजूर झालं, पाहुणे म्हणाले आता काय टेन्शन नाही. डिस्चार्जला काउंटरवरनं जो कागद मिळाला तो वाचून डोकंच तापलं. ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशन चार्ज, फाईलचे पैसे, सगळ्यापुढं 'नॉन पेएबल'.

ते एक वेळ सोडा, खरा दणका रूमचा. आमच्यात रूम भाडं सम इन्शुअर्डच्या (पॉलिसीच्या रकमेच्या) १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००, आणि खालच्या खोल्या भरलेल्या म्हणून मिळाली ती ७,५०० ची. वरचे अडीच हजार आपण भरले की मिटलं असं लय जणांना वाटतं, पण तसं नसतंय. डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग पण त्याच प्रमाणात कापतात, ३०,००० झाले असतील तर धरणार २०,०००. नियमाप्रमाणं औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, तेवढं बिलात बघून घ्या, आम्ही बसून ताळा केला.

मग रिन्युअलला रायडर घेतले, म्हणजे जादा प्रीमियम भरून मूळ पॉलिसीला जोडायची कव्हरं: रूमची मर्यादा काढणारा, कन्झ्युमेबल्सचा (ग्लोव्हज-सिरिंजसारख्या वापरून टाकायच्या वस्तूंचा) आणि हॉस्पिटल कॅश (ॲडमिट असताना दिवसाला ठरलेली रक्कम), आणि वेगळी सुपर टॉप-अप, ५ लाख डिडक्टिबलची, म्हणजे पहिल्या ५ लाखांपर्यंत ती काही देत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासनं वैयक्तिक आणि फॅमिली हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय म्हणून प्रीमियम जरा सोसला.

थंडीत आबांना न्यूमोनिया झाला तेव्हा सगळं वापरात आलं. कन्झ्युमेबल्सचा रायडर एक नंबर, ग्लोव्हज-सिरिंजपासनं सगळं निघालं, रूमची कटकट नाही. सुपर टॉप-अपचा रुपया लागला नाही, लागणार पण नव्हता, कारण वर्षभराचे क्लेम मिळून ५ लाखाच्या वर गेले तरच ती चालू होते. एजंट मात्र "सर, सुपर टॉप-अप घ्या, सगळं कव्हर" म्हणून गळ्यात मारतात. अहो ती वरचा मजला चढवते, खालचं गळकं छत तसंच राहतं! स्वस्त आहे, मोठ्या ऑपरेशनला पाहिजेच, पण ती वेगळी पॉलिसी असल्यामुळं वेटिंग, म्हणजे आधीपासनंच्या आजाराचा क्लेम मिळायला थांबायचा काळ, पहिल्यापासनं मोजतात. आबांची शुगर जुनी, म्हणजे तिथं परत थांबा. १ एप्रिल २०२४ पासनं जुन्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी ४ होती. आणि फॉर्मवर शुगर-बीपी लपवू नका, एजंट "लिहू नका" म्हणाला तरी.

हॉस्पिटल कॅश फुसकं निघालं. दिवसाला १,०००, त्यातला पहिला दिवस आमच्या पॉलिसीत धरतच नाहीत. रिन्युअलला काढणार.

आबांच्या शुगरच्या गोळ्या, दाताचं, चष्म्याचं यातलं काहीच कुठं बसत नाही. डिस्चार्जनंतर ६० दिवसांची बिलं मिळाली, पण फक्त न्यूमोनियाची, त्यामुळं चिठ्ठ्या वेगळ्या करून घ्या, डॉक्टर एकाच कागदावर सगळं लिहितात आणि मग क्लेमवाले आख्खं बिल अडवतात. ओपीडी रायडरचा प्रीमियम आणि त्याची वर्षाची मर्यादा शेजारी शेजारी लिहून बघितली, आणि शाहूपुरीतल्या मेडिकलवाल्याचं डिस्काउंटच परवडतंय म्हणून तो विषय सोडला.