बिडाचा तवा : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुण्यातल्या बोहरी आळीतून साडेसातशे रुपयांना आणलेल्या दहा इंची बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याबद्दल मी आठ महिने थांबून लिहीत आहे, कारण पहिल्याच आठवड्यात लिहिले असते तर ती निव्वळ तक्रार झाली असती. पहिला घावन असा चिकटला की कालथ्याने खरवडून काढावा लागला, दुसऱ्याचे तुकडे झाले आणि तिसरा घालण्याऐवजी मी फोन उचलून डोसा मागवला. तो अर्ध्या तासात दारात आला, दहा मिनिटांत संपला आणि त्याची चव आज मुळीच आठवत नाही. असे मागवून खाण्याची सवय मला चार-पाच वर्षांपासून होती. खरे तर पोटाच्या आधी बोटालाच भूक लागत असे.

नवा तवा चिकटतो यात त्याचा दोष नाही. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, आणि त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवले की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कडक, काळा थर तयार होतो. एका वेळचा थर इतका सूक्ष्म असतो की तो पुरेसा साचायला अनेक खेपा लागतात. घाई करून जास्त तेल ओतले तर काय होते, हे मी करून पाहिले आहे : तव्यावर चिकट, पिवळसर पापुद्रा धरला आणि तो घासून काढून सगळे पहिल्यापासून करावे लागले. तेल लावून मग ते जणू चुकून लागले असावे अशा रीतीने पुसून टाकायचे, ही युक्ती त्यानंतर समजली. सहा वेळा तापवल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यात, घावनाने पहिल्यांदा स्वतःहून कड सोडली. त्या क्षणी झालेला आनंद साडेसातशे रुपयांच्या मानाने हास्यास्पद वाटावा इतका मोठा होता.

माझ्या जुन्या नॉनस्टिक तव्याचा प्रवास नेमका उलट होता. पहिल्या दिवशी त्याच्यावरून धिरडे नुसते घसरत असे आणि दीड वर्षात त्याच्या मध्यभागी चंदेरी डाग उमटले. त्यावरचा लेप, म्हणजे 1938 साली अमेरिकेत योगायोगाने सापडलेले टेफ्लॉन, साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर टिकाव धरत नाही, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ते तापमान सहज गाठतो.

वाट पाहणे म्हणजे मनोनिग्रह, असे आपल्याला शिकवले जाते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे एक गोड पदार्थ ठेवून, थांबलात तर दोन मिळतील असे सांगितलेला प्रयोग त्यासाठी हमखास पुढे केला जातो. मला मात्र रॉचेस्टर विद्यापीठातला नंतरचा प्रयोग अधिक पटतो : ज्या मोठ्या माणसांनी आधी दिलेला शब्द मोडला होता, त्यांच्यासाठी मुले फार वेळ थांबली नाहीत, ज्यांनी शब्द पाळला होता, त्यांच्यासाठी पुष्कळ अधिक थांबली. माझाही धीर अशाच भरवशातून आला असावा. दर खेपेला हा तवा आदल्या खेपेपेक्षा किंचित बरा वागला, म्हणून पुढच्या खेपेपर्यंत थांबणे जमू लागले. आता शनिवारी सकाळी तांदूळ, उडीद आणि चमचाभर मेथी भिजत पडते, रात्री वाटण होते आणि रविवारी आंबलेल्या पिठाचा वास स्वयंपाकघरात भरलेला असतो. आंबोळीची चव मला आदल्या दिवसापासूनच लागू लागते, आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ असेल तर ती सोमवारच्या डब्यापर्यंत पुरते. बाहेरून मागवणे बंद झाले असा दावा मी करणार नाही. कमी झाले आहे, आणि तेही ठरवून नव्हे.

तव्यातल्या उणिवा सांगणे आवश्यक आहे. त्याचे वजन सव्वादोन किलो असल्याने मनगट दुखणाऱ्यांनी तो घेऊ नये. तापायला त्याला वेळ लागतो, पण एकदा तापला की आच मंद करूनही पाच-सहा घावन निघतात. चिंच, कोकम किंवा टोमॅटो शिजवल्यास थर झिजतो. बीड ठिसूळ असल्यामुळे तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले किंवा तो फरशीवर पडला, तर तडा जाण्याची भीती असते. धुऊन ओला ठेवल्यास रात्रीतून गंज धरतो, म्हणून लगेच गॅसवर कोरडा करून त्यावर तेलाचा हात फिरवावा लागतो.

गेल्या महिन्यात मी गावी गेल्यावर घरच्यांनी तो तारेच्या घासणीने लख्ख घासून, पाणी निथळायला म्हणून मोरीत उभा करून ठेवला. परत आल्यावर त्याचा रंग विटेसारखा झालेला दिसला. चार वेळा तेल लावून तापवावे लागले, पहिला घावन पुन्हा चिकटला आणि तो खरवडून, तव्यापाशी उभ्याउभ्याच, ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर खाल्ला.